स्टॅनब्रूक: २,६३८ माणसं घेऊन निघालेलं मालवाहू जहाज

कोणत्याही जुन्या जहाजाची माहिती शोधली की 'टनेज' हा आकडा आधी दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं, हे जहाजाचं वजन असावं. तसं नाहीये. ग्रॉस रजिस्टर टनेज म्हणजे जहाजाच्या आतली बंदिस्त जागा. १ टन म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. हा आकडा नीट समजून घ्यायचा असेल तर मी एस. एस. स्टॅनब्रूकचं उदाहरण देतो.

जहाज कसं होतं?

स्टॅनब्रूक हे १९०९ साली बांधलेलं ब्रिटिश वाफेचं जहाज. लांबी सुमारे ७० मीटर, टनेज १,३८३. मालक होती स्टॅनहोप स्टीमशिप कंपनी. माल वाहायचा, एवढंच त्याचं काम. खलाशी जेमतेम दोन डझन.

यादवी युद्धात कसं सापडलं?

१९३६ पासून स्पेनमध्ये रिपब्लिक सरकार आणि जनरल फ्रँकोचं सैन्य यांच्यात यादवी युद्ध सुरू होतं. मार्च १९३९ मध्ये रिपब्लिक कोसळत होतं. ज्यांना फ्रँकोच्या हाती सापडायचं नव्हतं, असे हजारो लोक आलिकान्ते बंदरात जमले. बाहेर समुद्रात फ्रँकोच्या नौदलाची नाकेबंदी होती.

स्टॅनब्रूक तिथे संत्री, तंबाखू आणि केशर भरायला आलं होतं. कॅप्टन आर्चिबाल्ड डिक्सन यांनी धक्क्यावरची गर्दी पाहिली आणि मालाऐवजी माणसं घ्यायचं ठरवलं. २८ मार्चच्या रात्री जहाज निघालं. बंदराबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात मागे बॉम्बहल्ला सुरू झाला.

आता गणित करू

नंतरच्या मोजणीनुसार जहाजावर २,६३८ प्रवासी होते. माणशी सरासरी ६० किलो धरले तर सुमारे १५८ टन. मालवाहू जहाजाला एवढं वजन जड नाही. मग अडचण कुठे होती?

पहिली अडचण जागेची. १,३८३ टनेज म्हणजे सुमारे ३,९०० घनमीटर. माणशी दीड घनमीटरसुद्धा येत नाही, आणि त्या मापात माणसांना वापरता न येणारी जागाही धरलेली असते. म्हणून डेकवरही माणसं खचाखच उभी होती.

दुसरी अडचण तोलाची. जीपच्या टपावर माणसं बसली की वळणावर ती कशी डोलते, आठवा. वजन जितकं उंचावर, तितका गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज जास्त कलतं. त्यात संत्र्यांच्या पेट्या बांधून ठेवता येतात, माणसं नाही. सगळे एका बाजूला धावले तर जहाज उलटण्याची भीती.

पुढे काय झालं?

फ्रेंच ताब्यातल्या अल्जीरियातलं ओरान बंदर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर. जहाज दुसऱ्या दिवशी पोहोचलं, पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी लगेच सगळ्यांना उतरू दिलं नाही. बायका-मुलांना आधी परवानगी मिळाली; बरेच पुरुष कित्येक आठवडे जहाजावरच अडकून राहिले. त्यातल्या अनेकांना पुढे छावण्यांमध्ये पाठवलं गेलं.

आलिकान्तेच्या धक्क्यावर मागे राहिलेल्या हजारोंना मात्र फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन फौजेने वेढलं. १ एप्रिलला फ्रँकोने युद्ध संपल्याचं जाहीर केलं.

स्टॅनब्रूकचं आयुष्यही फार उरलं नव्हतं. १८ नोव्हेंबर १९३९ ला उत्तर समुद्रात जर्मन पाणबुडी यू-५७ ने त्याला बुडवलं. कॅप्टन डिक्सन आणि सर्व खलाशी गेले.

हे लक्षात ठेवा

टनेजवरून जहाजात जागा किती हे कळतं. वजन किती पेलेल आणि तोल राहील का, हे वेगळे प्रश्न. मी कामात रोज 'कपॅसिटी'चे आकडे बघतो. मर्यादा ओलांडली की सिस्टिम सरळ नकार देते. त्या रात्री नकार द्यायला नियमाचं कारण डिक्सन यांच्याकडेही होतं. त्यांनी ते वापरलं नाही, म्हणून २,६३८ जण आलिकान्तेतून बाहेर पडू शकले.