बाँडची उडी, बफेलोचा संगणक आणि तळहाताएवढं रबर

मंडळी, 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) हा काही बाँडपटांतला फार गाजलेला चित्रपट नव्हे. पण त्यातली एक उडी बघितलेला माणूस ती विसरत नाही. थायलंडमधला एक कालवा, त्यावर मधोमध मोडलेला लाकडी पूल, आणि लाल एएमसी हॉर्नेटमध्ये रॉजर मूर. गाडी अर्ध्या पुलावरून उडते, हवेत स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते आणि पलीकडच्या अर्ध्या पुलावर चारही चाकांवर उतरते. वर पिपाणीसारखा एक विनोदी आवाज टाकून निर्मात्यांनी प्रसंगाची पार वाट लावली आहे, पण ते असो. गाडी खरी होती, उडी खरी होती, आणि पहिल्याच टेकला जमली.

पहिल्याच टेकला जमली कारण ती आधी संगणकावर मारून झाली होती. हिशोब आधी, उडी मग. आणि हिशोब करणारा प्रोग्रॅम सिनेमासाठी लिहिलेला नव्हता, तो रस्त्यावरची माणसं मरू नयेत म्हणून लिहिला होता. या वीकांताला त्या प्रोग्रॅमच्या खापरपणजोबापासून सुरुवात करू.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात कर्टिस-राइट या विमान कंपनीची एक प्रयोगशाळा होती. १९४६ साली ती कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली आणि तिचं नाव झालं कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरी. तिथे विल्यम मिलिकन नावाचा इंजिनिअर होता. आधी बोइंगमध्ये विमानांच्या चाचण्या घेतलेला, आणि शर्यतींचा नाद असलेला. १९४८ च्या पहिल्या वॉटकिन्स ग्लेन शर्यतीत या गृहस्थांनी आपली बुगाटी एका वळणावर उलटी केली. त्या वळणाला आजही 'मिलिकन्स कॉर्नर' म्हणतात. गाडी का उलटते हा प्रश्न त्याच्यासाठी निव्वळ पुस्तकी नव्हता हे उघड आहे. :)

विमानवाल्यांकडे तेव्हा एक चांगली सवय होती. विमान स्थिर उडेल का, हे ते वैमानिकाच्या 'फील'वर सोडत नसत. पंखावर, शेपटीवर किती बल येतं ते मोजायचं, ते समीकरणात घालायचं, आणि मग विमान कसं वागेल ते काढायचं. मोटारवाल्यांकडे मात्र बराचसा कारभार अनुभवी ड्रायव्हरच्या बुडाखालच्या ज्ञानावर चालायचा. मिलिकन मंडळींनी विचारलं, की विमानाला हवा धरून ठेवते, तशी गाडीला कोण धरून ठेवतं?

उत्तर होतं टायर. अजून नेमकं सांगायचं तर प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा तुकडा. स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांनी काहीही ठरवलं तरी ते रस्त्यापर्यंत पोचतं या चार तळहातांतून.

आता गंमत बघा. वळण घेताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, बरोब्बर त्या दिशेला तो जात नाही. रबर लवचिक असतं, ते किंचित पिळवटतं, आणि चाक थोडं तिरकं सरकत पुढे जातं. तोंडाची दिशा आणि जाण्याची दिशा यांतल्या या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. नेहमीच्या चालवण्यात तो जेमतेम दोन-चार अंश असतो. पण हा कोन नसेल तर बाजूचं बलच तयार होत नाही आणि गाडी वळतच नाही. फ्रान्सच्या जॉर्ज ब्रुलिए यांनी ही कल्पना १९२५ साली मांडली. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी पुढच्या आणि मागच्या टायरांच्या या कोनांची तुलना करून गाडीचे स्वभाव सांगितले. पुढचे टायर जास्त सरकले तर गाडी वळणाबाहेर जाऊ बघते, तो अंडरस्टिअर. मागचे जास्त सरकले तर बूड बाहेर येतं, तो ओव्हरस्टिअर. आणि १९४० साली जर्मनीत रीकर्ट आणि शुंक यांनी चार चाकांची गाडी दोन चाकांची करून टाकली. पुढची दोन मिळून एक, मागची दोन मिळून एक. हेच ते 'सायकल मॉडेल'.

एवढं साधं मॉडेल काय सांगणार, असं वाटेल. मी ते पन्नासेक ओळींत लिहून पाहिलं. वजन १००० किलो, दोन आसांतलं अंतर २.४ मीटर, दोन्ही आसांच्या टायरांचा कडकपणा सारखा (रेडियनला ५०,००० न्यूटन), पण वजनाचा मध्य पुढच्या आसापासून १.४ मीटर मागे. म्हणजे मागे जड असलेली गाडी. ताशी ९० किलोमीटरला तिला स्टिअरिंगचा एक छोटा हिसका दिला, तर ती डुलते आणि सावरते. ताशी १०० ला तोच हिसका दिला, तर वळण वाढतच जातं, ती सावरतच नाही. सीमारेषा निघते ताशी सुमारे ९७. म्हणजे रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, आणि काटा जरासा पुढे गेल्यावर गाडी वेगळीच होते. दोन समीकरणांत एवढं दिसतं!

पण समीकरण लिहिणं सोपं असतं. त्यात घालायचे आकडे कुठून आणायचे? बफेलोच्या मंडळींचं मोठेपण इथे आहे. १९५६ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये त्यांनी एकदम पाच निबंध सादर केले. त्यात लिओनार्ड सेगल यांचा निबंध सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यांच्या मॉडेलमध्ये गाडीला तीन मोकळीका होत्या: बाजूला सरकणं, उभ्या आसाभोवती वळणं, आणि कुशीवर कलणं. उपकरणं लावलेली खरी गाडी चालवून त्यांनी दाखवलं, की गणित आणि गाडी जुळतात. पण मला त्याच गठ्ठ्यातले दुसरे दोन निबंध तितकेच महत्त्वाचे वाटतात. एक होता टायरची बलं रस्त्यावर मोजायच्या यंत्राबद्दल, आणि दुसरा त्या मोजमापांबद्दल. आधी यंत्र बांधलं, मग आकडे घेतले, मग मॉडेल. आणि मॉडेल बरोबर आहे म्हणायच्या आधी पुन्हा रस्त्यावर जाऊन ताडून पाहिलं.

सेगलच्या मॉडेलला एक मर्यादा होती आणि ती उघड होती. त्यात टायरचं बल स्लिप अँगलच्या सरळ प्रमाणात वाढतं. कोन दुप्पट, बल दुप्पट. हे बेताच्या वळणांपुरतं ठीक, म्हणजे बाजूचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तृतीयांशाच्या आत असेपर्यंत. पुढे टायर दमतो. कोन वाढतो, पण बल वाढत नाही. आणि अपघात नेमके तिथेच होतात.

अपघातांचा विषय तेव्हा अमेरिकेत पेटलेलाच होता. १९६५ साली राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं. त्याचं पहिलंच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेरवर, म्हणजे मागे इंजिन असलेल्या गाडीवर. १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. त्या काळात तिथे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत होती. त्यातला मोठा भाग गाडी एकटीच रस्ता सोडून खड्ड्यात, कठड्यावर किंवा खांबावर जाण्याचा. मग सरकारी रस्तेखात्याला प्रश्न पडला, की रस्त्याकडेचा उतार किती ठेवावा? कठडा कसा असावा? प्रत्येक उत्तरासाठी गाड्या फोडत बसणं परवडणारं नव्हतं.

हे काम पुन्हा बफेलोला आलं. तिथल्या रेमंड मॅकहेन्री यांनी १९६६ पासून एक प्रोग्रॅम उभा केला. त्याचं लांबलचक नाव हायवे-व्हेइकल-ऑब्जेक्ट सिम्युलेशन मॉडेल. सेगलच्या तीन मोकळीकांच्या जागी इथे अकरा: गाडीच्या धडाच्या सहा, पुढच्या चाकांच्या वरखाली होण्याच्या दोन, मागच्या अखंड आसाच्या दोन, आणि स्टिअरिंगची एक. टायर दमतो हेही त्यात होतं. आणि इथेही खऱ्या गाड्या चालवून, आदळवून निकाल ताडले गेले. पूर्वी विमानाच्या पंखाला जो मान होता तो इथे टायरला मिळाला.

आता बाँडच्या उडीकडे परत येऊ. पिळवटलेल्या उतरंडीवरून उडून फिरत उतरणं, ही या प्रोग्रॅमची क्षमता दाखवणारी परीक्षाच होती. गाडी एकदा हवेत गेली की काम सोपं, तिथे फक्त न्यूटन. अवघड असतो तो आधीचा निमिषभर, जेव्हा उतरंड संपत असते, दाबलेल्या स्प्रिंगा उसळत असतात आणि एकेक चाक जमीन सोडत असतं. त्या क्षणी जेवढी फिरकी मिळेल तेवढीच, हवेत दुरुस्ती नाही. म्हणून वेग, वजन, उतरंडीचा पीळ सगळं संगणकावर ठरलं. वजन दोन्ही बाजूंना सारखं राहावं म्हणून ड्रायव्हरला आणि स्टिअरिंगला गाडीच्या मधोमध बसवलं. जानेवारी १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये एएमसी जॅव्हेलिनने ही उडी प्रेक्षकांसमोर मारली, आणि सिनेमा त्यानंतर आला. माझ्या दृष्टीने तिचं मोल असं, की प्रोग्रॅमच्या शब्दावर एका माणसाने आपला जीव टाकला.

यापुढे वाटेल की मोकळीका वाढवत जाणं म्हणजेच प्रगती. तसं झालंही. मिशिगन विद्यापीठातल्या कामातून आलेलं 'ॲडम्स' हे सॉफ्टवेअर विकण्यासाठी १९७७ मध्ये कंपनी निघाली. त्यात एकेक दांडी, बुश, सांधा जोडून अख्खं सस्पेन्शन उभं करता येऊ लागलं. पण आपण प्रोग्रॅमर लोक हे दुखणं ओळखतो. प्रत्येक नवा भाग आपल्याबरोबर नवे आकडे मागतो, आणि ते कोणीतरी मोजलेले असावे लागतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आड पुन्हा टायरच. तो दमतो नेमका कसा? नेदरलंड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पाशेका यांनी व्होल्वोच्या मंडळींबरोबर १९८७ साली यावर एक सूत्र दिलं. साइन आणि आर्कटॅन्जंट एकमेकांत घातलेलं, चार गुणकांचं: एक कडकपणाचा, एक आकाराचा, एक शिखराचा, एक वळसा कुठे पडतो त्याचा. रबराच्या भौतिकशास्त्रातून ते काढलेलं नाही. मोजलेल्या बिंदूंवर ते फक्त सुंदर बसतं, म्हणून त्याचं नावच पडलं 'मॅजिक फॉर्म्युला'. मला या नावातला प्रामाणिकपणा फार आवडतो. अर्थात, मोजलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेलात तर जादू संपते.

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने नवीकोरी मर्सिडीज ए-क्लास अचानक डावी-उजवी वळवून पाहिली, जणू समोर हरीण आलंय. गाडी उलटली. कंपनीने सस्पेन्शन बदललं आणि त्या छोट्या गाडीत ईएसपी सरसकट बसवलं. तोवर ते महागड्या गाड्यांत असायचं, पहिल्यांदा आलं होतं १९९५ साली.

आता ईएसपीच्या पोटात काय असतं? स्टिअरिंग किती वळवलंय आणि वेग किती, यावरून गाडी किती वळायला हवी हे सतत काढणारं एक छोटं मॉडेल. सेन्सर सांगतो ती खरोखर किती वळतेय. दोन्हींत फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक: बूड बाहेर येत असेल तर पुढच्या बाहेरच्या चाकाला, नाक बाहेर जात असेल तर मागच्या आतल्या. आणि ते छोटं मॉडेल म्हणजे, घर्षणाची मर्यादा घातलेलं, आपलं १९४० चं सायकल मॉडेल! अकरा मोकळीका नाहीत, जादूचं सूत्र नाही. कारण त्याला गाडीचं सगळं वागणं सांगायचं नसतं. ड्रायव्हरला काय हवं होतं, एवढंच सांगायचं असतं.

म्हणून 'अचूक मॉडेल कोणतं' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कशासाठी, आणि कशाशी ताडून? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत ईएसपीची काही परीक्षा सिम्युलेशनवर देता येते, पण अट अशी, की ते सिम्युलेशन आधी खऱ्या गाडीच्या चाचणीशी जुळलेलं हवं. १९५६ चा धडाच नियमात बसलाय. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ही यंत्रणा लागते.

पुढच्या वेळी कोणी ऐटीत म्हणालं की आमच्या सिम्युलेशनमध्ये लाखो किलोमीटर चालवून झालेत, तर मोकळीका किती ते विचारू नका. टायर कोणी मोजला, कुठल्या रस्त्यावर, ओल्या की सुक्या, आणि गणित व गाडी शेवटची कधी शेजारी ठेवून पाहिली, ते विचारा.