पाठीतून आलेला उपाय

मावशीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कागदावर पाठ काढून दाखवली. रेडिएशनमुळे छातीची कातडी पातळ, कडक झालेली. नुसतं सिलिकॉनचं इम्प्लांट ठेवलं तर ते कातडी फाडून बाहेर येऊ शकतं. म्हणून पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे फिरवायचा आणि इम्प्लांट त्याच्याखाली ठेवायचं. "नवीन आहे का हो हे?" मावशीने विचारलं. "शंभर वर्षं जुनं," डॉक्टर म्हणाले. त्या रात्री मी शोधत बसलो.

इजिनिओ तान्सिनी, इटलीतल्या पावियाचे सर्जन. १८९६मध्ये त्यांनी स्तन काढल्यावरची जखम पाठीच्या कातडीने झाकली. पण त्या कातडीचं टोक काळं पडून मरायचं. मग शरीररचना पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं, की कातडीला रक्त खालच्या स्नायूतून मिळतं. १९०६मध्ये त्यांनी स्नायूसकट फ्लॅप प्रसिद्ध केला. काखेतल्या रक्तवाहिन्या तशाच जोडलेल्या, त्यामुळे तो जिवंत राहायचा. स्तन घडवायचा विचार तेव्हा नव्हता, फक्त जखम झाकायची होती.

युरोपात ही पद्धत काही वर्षं चालली. पण अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांचा शब्द शेवटचा. ते स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत, आणि जखम अशा फ्लॅपने झाकायला त्यांचा विरोध होता. तान्सिनी विसरले गेले. चालणारं कोड सीनियरला आवडलं नाही म्हणून डिलीट होतं, तसंच काहीसं. फक्त इथे उघड्या छातीने बायका जगत होत्या, याचा मला अजून राग येतो.

१९६२मध्ये ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. आता आकार देणारी वस्तू होती, पण हॉलस्टेडच्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या छातीवर तिला झाकायला काही उरलेलं नसायचं. १९७६मध्ये जर्मनीत नेव्हन ओलिवारी यांनी रेडिएशनच्या जखमांसाठी पाठीचा तोच स्नायू वापरला. पुढच्या दोनतीन वर्षांत इतरांनी त्याच्याखाली इम्प्लांट ठेवलं.

पुढे छातीचा स्नायू न काढण्याची पद्धत रूढ झाली, आणि इम्प्लांट त्याच्याखाली जाऊ लागलं. खालची, बाहेरची बाजू मात्र उघडी राहायची. तिथे दान केलेल्या त्वचेतून पेशी काढून उरलेलं जाळं शिवता येतं, हे ब्रॉइंग आणि वॉरन यांनी २००५मध्ये मांडलं.

मावशीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मला वरच्या फळीवरचा डबा काढता येईल ना?" डॉक्टरांना विचारायच्या यादीत मी ते पहिलं लिहिलं.