उजेडाचा कारभार : धार आणि देवास

एकाच गावात दोन गाद्या आणि दोन दरबार नांदविणाऱ्या देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत, तिसऱ्या तुकोजीराव पवारांचे खासगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली काही महिने राहिले, तेव्हा त्यांच्याकडे सोपविलेल्या खात्यांत बागा, मोटारी आणि पाहुण्यांचा बंगला यांच्या जोडीला विजेचे यंत्रघरही होते. लेखणीच्या माणसाला इंजिनाची देखरेख सांगणे हा संस्थानी कारभाराचा गमतीदार नमुना खराच. परंतु त्यातून इतके निर्विवाद दिसते की, वीज उत्पन्न करणारे यंत्र हे एक स्वतंत्र खाते मानले जाई, आणि त्याच्याबद्दल जाब विचारता येईल असा कोणीतरी अंमलदार, मग तो कितीही अनभिज्ञ असो, नेमलेला असे.

हा शिरस्ता विजेबरोबर आलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्याने माळव्यात ठाणी बसविली, धारेस एका शाखेने आणि देवासास तुकोजी व जिवाजी या बंधूंनी, तेव्हा ज्या मराठी राज्यपद्धतीतून ते आले होते तीत उजेड हीदेखील नेमणुकीची बाब होती. देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन इनाम द्यावी आणि सनदेत तसे स्वच्छ लिहावे, दरबारी स्वारीपुढे दिवट्या किंवा मशालजी असावा व त्याच्या तेलाचा खर्च हिशेबी धरावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत. मशालजीची जागा पालखीच्या पुढे, उघड्यावर असे. त्यामुळे मशालीचा धूर आपोआप वाऱ्यावर जाई आणि ठिणगी पडली तर ती विझविणारा हात जवळच असे. पुढे मशालीच्या जागी गॅसबत्ती आली, वरातीत ती माणसाच्या डोक्यावर चढली. पण ती कोणी वाहायची हे तेव्हाही ठरलेले असे.

1948 साली दोन्ही पात्यांचे देवास आणि धार ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि 1960 साली चंबळेवरील गांधीसागरचे, पुढे 115 मेगावॅट क्षमतेला पोहोचलेले, वीजगृह सुरू झाल्यानंतर उजेडाचे उगमस्थान माळव्यातील गावकऱ्यांच्या दृष्टीआड गेले. खटका दाबावा आणि दिवा लागावा, एवढाच काय तो संबंध उरला. हा संबंध तुटला तो 2000 नंतरच्या वर्षांत. 2000 सालच्या 1 नोव्हेंबरला छत्तीसगड निराळे झाले, कोरब्याची मोठी औष्णिक केंद्रे तिकडे गेली, आणि उरलेल्या मध्यप्रदेशात भारनियमनाचा असा कहर झाला की 2003 ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी या तीनच विषयांभोवती फिरली व दहा वर्षांचे सरकार गेले.

जपानी सहकार्याने आपल्याकडे 1980 नंतरच्या दशकात बनू लागलेले, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविता येणारे हलके जनरेटर अशा काळात दुकानांच्या पायरीवरून घरांत शिरले, यात नवल नाही. घात झाला तो पुढे. यंत्रघर नाही, मिस्त्री नाही, जबाबदारी कोणाची ते ठरलेले नाही. आणि चोरीच्या भयाने, पावसाच्या धास्तीने अथवा शेजाऱ्यांच्या तक्रारीने ते यंत्र जिन्याखाली, ओसरीत किंवा बंद पडवीत ओढले जाई. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो, आणि डोके जड होऊन झोप येते आहे असे वाटणाऱ्या माणसाला आपण गुदमरत आहोत हे उमगतच नाही. एखादी खिडकी उघडी ठेवल्याने हे टळते ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. यंत्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धूर घराकडे येणार नाही अशा बेताने आणि पावसापासून आडोसा करून ठेवावे लागते. इंधन घालायचे तर यंत्र बंद करून व निवू देऊन. मशालजीला हे कोणी शिकविले नव्हते, पण त्याच्या उभे राहण्याच्या जागेतच यातले बरेचसे आलेले होते.

दुसरा धोका मात्र जुन्या काळाला ठाऊकच नव्हता. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडण्याची युक्ती पुष्कळांना फार हुशारीची वाटते. मुख्य स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून बाहेर पडते, गल्लीच्या कोपऱ्यावरील ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते, आणि जो ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे घरगुती दाबात रूपांतर करतो तोच आता घरगुती दाबाचे हजारो व्होल्ट करून बंद तारेत सोडतो. हे टाळण्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. एका वेळी खांबावरची वीज किंवा जनरेटरची, दोन्ही कदापि नाहीत, एवढेच त्याचे काम, आणि तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा लागतो. त्याची मजुरी वाचविणारा गृहस्थ आपल्या दिवाणखान्यात पंख्याखाली सुखाने बसलेला असतो. लाइन बंद आहे अशा खात्रीने तार जोडायला खांबावर चढलेल्या लाइनमनला त्या घराचा पत्ताही माहीत नसतो.