महाधनेशाचे तिकीट : एका प्रतिमेची कुळकथा

भारतीय टपाल खात्याने १५ सप्टेंबर १९८३ रोजी काढलेल्या एक रुपयाच्या तिकिटावर महाधनेश या सह्याद्री आणि हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यांत राहणाऱ्या भव्य पक्ष्याचे चित्र आहे. हे स्मारक तिकीट होते, म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या वा संस्थेच्या गौरवार्थ मर्यादित काळापुरते काढलेले, आणि त्याचे निमित्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीचे होते. त्या गौरवासाठी हाच पक्षी का निवडला गेला, याचे उत्तर संस्थेच्या आरंभीच्या काही दशकांत सापडते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी निसर्गाच्या अभ्यासाची आवड असलेले आठ मुंबईकर भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र आले आणि त्यांनी ही संस्था स्थापन केली. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांपैकी दोघे होत. पुढे एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या पेढीत संस्थेला जागा दिली. १८९४ साली कारवारच्या एका गृहस्थांनी भेट दिलेले महाधनेशाचे तीन महिन्यांचे पिल्लू याच जागेत आले.

विल्यम या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी १९२०पर्यंत, म्हणजे फिप्सन आणि त्यांच्यानंतर डब्ल्यू. एस. मिलार्ड या दोन मानद चिटणिसांच्या कारकिर्दीत, संस्थेत राहिला. त्याला केळी, रानउंबरे, उंदीर आणि विंचवांचा आहार मिळत असे, आणि सुमारे तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलत असे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९३३ साली, बोधचिन्ह तयार झाले तेव्हा त्यावर महाधनेश आला. तिकिटावरील पक्ष्याची वंशावळ अशी कारवारच्या रानापर्यंत मागे जाते.

तिकीट निघाले ते संकटग्रस्त प्रजातीचे म्हणून नव्हे, तर शताब्दीचे म्हणून. पण त्यानंतर चित्राचा अर्थ बदलत गेला. जगभरच्या प्रजातींच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१८ साली महाधनेशाला ‘संकटसमीप’ या वर्गातून ‘असुरक्षित’ या अधिक गंभीर वर्गात टाकले. शिकारीइतकेच याचे कारण त्याच्या विणीच्या पद्धतीत आहे. मादी मोठ्या, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि मुख्यतः विष्ठेच्या लेपाने तोंड बुजवून घेते; उरलेल्या अरुंद फटीतून नर तिला, आणि अंडी फुटल्यावर पिल्लांनाही, उंबर-वडांची फळे व इतर खाद्य भरवतो. बाहेरचा नर मारला गेला तर आतल्या कुटुंबाचा आधारच जातो, आणि अशी ढोली तयार व्हायला झाडाला कित्येक दशके लागत असल्याने जुने झाड तोडल्यास नव्या लागवडीने ती उणीव लवकर भरून निघत नाही. कोकणातील देवराया, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली राने, धनेशांच्या दृष्टीने मोलाच्या ठरतात त्या याचमुळे. शिवाय धनेश फळांच्या बिया दूरवर नेऊन टाकतो, त्यामुळे तो नाहीसा झाल्यास अरण्याचे पुनरुज्जीवनही मंदावते.

संस्थापकांच्या काळी निसर्गाचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने नमुने गोळा करणे आणि त्यांची नावे निश्चित करणे होते. शंभर वर्षांनी त्याच संस्थेचा गौरव ज्या पक्ष्याने झाला, तो आता त्या अभ्यासाला संवर्धनाची जबाबदारी जोडून मागतो. तिकीटसंग्राहकाच्या वहीत हे चित्र सहज टिकेल, परंतु त्यात दाखवलेला जीव टिकायचा असेल तर सह्याद्रीतली जुनी, ढोलीची झाडे उभी ठेवावी लागतील, आणि देवराई राखणाऱ्या गावांना त्या कामात संस्था व शासन यांची खंबीर साथ मिळावी लागेल.