चार महिन्यांचे अकरा महिने

देवीचे उच्चाटन झाले, क्षयावर औषध सापडले, अशा विजयांचा इतिहास ऐकावयास सर्वांनाच आवडतो. आम्ही येथे जो इतिहास मांडणार आहोत त्यात असा विजय नाही. शरीरात पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावर अनेक औषधे एकत्र देण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास आहे, आणि अर्ध्या शतकाच्या खटपटीनंतर त्याच्या पदरात पडले ते काही महिने. पण हे महिने मोजून घेतलेले आहेत. खरा लाभ कोणता व भासमान कोणता, हे ओळखण्याची विद्या या इतिहासातून जितकी शिकता येते तितकी मोठ्या विजयांच्या कथांतून येत नाही, असे आमचे मत आहे.

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेला. तेथे गाठ झाली तरी पुष्कळ काळ काही कळत नाही. पुढे भूक मंदावते, वजन उतरते, पाठ दुखते. कधी पित्ताची वाट अडून कावीळ होते. तपासणी होते तेव्हा बहुतेकांचा रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. शिवाय या गाठीभोवती आणि गाठीतही तंतूंचे दाट जाळे असते, त्यामुळे रक्तातून आलेले औषध आत पुरेसे पोचत नाही.

या रोगावर दीर्घकाळ वापरले गेलेले औषध म्हणजे फ्लुओरोयुरॅसिल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे चार्ल्स हायडलबर्गर यांनी ते १९५७ साली जगापुढे ठेवले. यामागील कल्पना मोठी चतुर होती. पेशीला लागणाऱ्या युरॅसिल या द्रव्यात फ्लुओरिनचा एक अणू बसवावयाचा. पेशी त्याला आपले समजून आत घेते आणि नवे जनुकद्रव्य घडविण्याचे तिचे काम अडते. औषध उपयोगी होते, पण या रोगात त्याचा जोर फार वेळ टिकत नसे.

मग औषधांची जोडी का लावू नये? ही कल्पना क्षयाच्या उपचारांनी रूढ केली होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असे दिसले की, एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले तर जंतू त्याला सरावतात. दोन वर्षांनी दुसऱ्या औषधाची जोड देताच ती अडचण पुष्कळ कमी झाली. कारण एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत फ्राय व फ्रायराइक यांनी मुलांच्या रक्तकर्करोगात आणि डेव्हिटा यांनी हॉजकिनच्या रोगात चार-चार औषधे एकत्र दिली, आणि पूर्वी ज्यांचा मृत्यू ठरलेला असे, त्यांतील काही रोगी कायमचे बरे होऊ लागले. या यशाने सारे वैद्यकविश्व भारावून गेले, यात नवल नाही.

स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र ही युक्ती फसली. फ्लुओरोयुरॅसिलला डॉक्सोरुबिसिन व मायटोमायसिन यांची जोड देण्यात आली. थोड्या रोग्यांवरील पहिले अहवाल आशादायक वाटत. पण १९८५ साली अमेरिकेत एकटे औषध, दोन औषधे आणि तीन औषधे यांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा आयुष्यात काहीच फरक आढळला नाही. त्रास तेवढा वाढला. एक ना धड भाराभर चिंध्या, असाच हा प्रकार! जोडीला घेतलेल्या औषधांना या रोगाविरुद्ध स्वतःची अशी धार नव्हती, आणि बोथट शस्त्रांची संख्या वाढवून लढाई जिंकता येत नाही.

पुढचे पाऊल पडले ते एकट्या औषधाचेच. जेमसायटाबिन व फ्लुओरोयुरॅसिल यांची तुलना १९९७ साली प्रसिद्ध झाली. फ्लुओरोयुरॅसिल घेतलेल्यांपैकी निम्मे रोगी ४.४१ महिन्यांपलीकडे जगले. जेमसायटाबिनच्या गटात हाच आकडा ५.६५ होता. वेदना व अशक्तपणाही अधिक जणांचा कमी झाला. मग जेमसायटाबिनला एकामागून एक जोडीदार शोधण्यात आले. २००७ साली एर्लोटिनिब या जोडीदाराने ५.९१ महिन्यांचे ६.२४ महिने केले. संख्याशास्त्राने हा फरक खरा ठरविला. पण तो होता सुमारे दहा दिवसांचा!

दरम्यान धारदार शस्त्रे दुसरीकडे तयार होत होती. त्यांतील एकाची कथा आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करून एका चिनी वृक्षातील कॅम्पटोथेसिन या द्रव्याची रचना १९६६ साली उलगडली. हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही विपुल असल्याचे १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी दाखविले. पुढे त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली. मूळ द्रव्य माणसाला सोसवले नाही. जपानी शास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करून इरिनोटेकन बनविले. ऑक्झॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुगही जपानचेच. नागोया येथे किदानी यांनी ते १९७६ च्या सुमारास तयार केले.

फ्रान्समध्ये थिएरी कॉनरॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन औषधे, फ्लुओरोयुरॅसिल आणि त्याची पकड घट्ट करणारे फोलिनिक आम्ल यांची एकत्र योजना केली. तिचे नाव फॉलफिरिनॉक्स. फ्लुओरोयुरॅसिल जनुकद्रव्याचा कच्चा माल तोडते, ऑक्झॅलिप्लॅटिन त्याचे धागे एकमेकांत गुंतविते, इरिनोटेकन धागा कापून पुन्हा जोडणाऱ्या विकराला मध्येच अडकवून ठेवते. ३४२ रोग्यांवरील तुलनेचा निकाल २०११ साली आला. जेमसायटाबिनच्या गटातील निम्मे रोगी ६.८ महिन्यांपलीकडे जगले, तर नव्या योजनेतील ११.१ महिन्यांपलीकडे. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा २०.६ वरून ४८.४ वर गेले.

किंमतही लहान नव्हती. पांढऱ्या पेशी घटून येणारा ताप, अतिसार, हातापायांना मुंग्या हे त्रास वाढले. असे असूनही सहा महिन्यांच्या अखेरीस ज्यांचे जगणे निश्चितपणे खालावले असे रोगी जेमसायटाबिनच्या गटात शेकडा ६६ होते, तर नव्या योजनेत ३१. याचा अर्थ असा की, या रोगात खरा छळ रोगच करतो, आणि त्याला मागे रेटणारे कडक औषधही काही काळ माणसाला माणसासारखे जगू देते.

२०१३ साली दुसरी जोडी पुढे आली. जेमसायटाबिन व अल्ब्युमिनला बांधलेले पॅक्लिटॅक्सेल यांनी ८६१ रोग्यांच्या चाचणीत ६.७ महिन्यांचे ८.५ महिने केले. पॅक्लिटॅक्सेलची रचनाही १९७१ साली वॉल व वाणी यांच्याच चमूने उलगडली होती! आज रूढ असलेल्या दोन्ही प्रमुख योजनांत नंदुरबारच्या या रसायनज्ञाच्या श्रमाचा अंश आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसावी, याचा आम्हांस खेद वाटतो.

तथापि, चाराचे अकरा झाले म्हणताना एक सावधगिरी हवी. हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले आहेत. फ्रान्समधील रोगी पंच्याहत्तरीच्या आतले, हिंडतेफिरते, कावीळ उतरलेले असे निवडलेले होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला तेच औषध दिले तर तेच फळ मिळेल, असे कोणी म्हणू नये. त्याच्यासाठी एकटे औषध, किंवा केवळ वेदनाशमन, हाही शहाणपणाचाच उपचार होय. अकरा महिने हा निम्म्यांचा टप्पा आहे. कोणाही एका माणसाच्या आयुष्याचा तो करार नव्हे.

घरात असा रोग आला की नातेवाईक विचारतात, "सर्वांत जबर औषध कोणते?" आमच्या मते आधी दोन प्रश्न विचारावेत : हे औषध कोणत्या रोग्यांवर पारखले गेले, आणि आमचा माणूस त्यांच्यासारखा आहे काय? आणि वाढलेले महिने कसे घालवावयाचे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार रोग्याचा. त्यासाठी त्याला खरे काय ते सांगितले पाहिजे.