सुतावरून नदी

नदीचं रोजचं पाणी मोजायचं, वर्षभराच्या 365 आकड्यांतला सर्वांत लहान तेवढा उचलायचा. असे तीस-चाळीस वर्षांचे आकडे जमले की विचारायचं: याहूनही कमी पाणी किती वर्षांतून एकदा येईल? हे गणित पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत जन्मलं असेल असं वाटतं. त्याचं आजोळ मात्र कापसाचं आहे.

मँचेस्टरजवळच्या कापूस-संशोधन संस्थेत पीअर्स हे संशोधक सूत ताणून तोडत असत. सूत तुटतं ते जिथं कच्चं तिथंच. बाकीचं कितीही पक्कं असो. धागा जितका लांब, तितकी कच्ची जागा निघण्याची शक्यता जास्त. 1926 मध्ये त्यांनी हे गणितात मांडलं. रोनाल्ड फिशर आणि त्याच संस्थेतले टिपेट यांनी 1928 मध्ये दाखवलं, की ढीगभर आकड्यांतल्या टोकाच्या आकड्यांना काही नियम असलाच, तर तो तीनच साच्यांत बसतो. तिसरा साचा 1939 मध्ये स्वीडनच्या वायबुल यांनी पदार्थांच्या मजबुतीला लावला.

तो नदीवर आणला एमिल गुंबेल यांनी. हा माणूस मुळात जर्मनीतले राजकीय खून मोजणारा! उजव्यांनी केलेले 354, डाव्यांनी केलेले 22, असा हिशेब त्यांनी 1922 मध्ये छापला. 1932 मध्ये हायडेलबर्गची प्राध्यापकी गेली. मग फ्रान्स, 1940 मध्ये अमेरिका. तिथं 1954 मध्ये त्यांचा अवर्षणाच्या संख्याशास्त्रावरचा लेख आला. वर्ष म्हणजे धागा, सर्वांत कोरडा दिवस म्हणजे त्यातली कच्ची जागा. शिवाय तिसऱ्या साच्याला तळ असतो, आणि नदीचं पाणीही शून्याखाली जात नाही.

उपमा देखणी आहे, पण मला ती जरा ताणलेली वाटते. उन्हाळ्यात नदी जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगते, त्यामुळे आजचं पाणी कालच्याच पाण्याचं शेपूट असतं; या गणितात धरतात तसे दिवस एकमेकांपासून सुटे नसतात. एखाद्या दिवशी मोजणी चुकली तर वर्षाचा आकडाच फसतो. म्हणून अमेरिकेत सांडपाणी सोडण्याची मर्यादा ठरवताना बहुधा सलग सात दिवसांची किमान सरासरी घेतात, दहा वर्षांतून एकदा येणारी. म्हणजे दर दहाव्या वर्षी नव्हे; दरवर्षी दहात एक शक्यता.

आणि दख्खनच्या कित्येक नद्यांसारखी नदी उन्हाळ्यात पार कोरडीच पडत असेल, तर शून्याची वर्षं आधी वेगळी मोजतात, आणि उरलेल्या वर्षांनाच हा साचा लावतात.