एकट्याचा मेळ

कुंभार पिंपळगावासारख्या गावीं टाळकरी जमल्यावांचून भजनास रंग चढत नाहीं. मुंबईच्या साहिल माखिजा यांचें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. २००० सालीं त्यांनीं ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा ‘मेटल’ पंथाचा वाद्यवृंद उभारला; पुढें २००८ सालीं ‘डेमनस्टीलर’ या नांवाखालीं एकट्याचा संसार थाटून स्वतंत्र मुद्रिका काढली. २०१६ च्या मुद्रिकेंत ड्रम तेवढे ग्रीसच्या जॉर्ज कोलियास यांचे. गवई मुंबईस, ठेका परमुलखांतला!

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान सुमारें तीन मिनिटांच्या तबकडीसाठीं गायली, तेव्हां साथीदार शेजारींच होते. नव्या मुद्रिकेचा वेग दांडगा आहे, कर्कश असला तरी पोकळ नव्हे. मात्र गवयाकडे पाहून तबलजी क्षणभर थबकतो, ती जागा आम्हांस तींत सांपडली नाहीं.